मानमोडीचा हिशेब

गेल्या वर्षी एका परिसंवादात माझ्या जुन्या मित्रानं ठासून सांगितलं की विषाणूला गरीब-श्रीमंत कळत नाही; कोविडमध्ये झोपडपट्टीनं बंगल्यांपेक्षा चांगला निभाव लावला, तेव्हा आरोग्यसेवेतल्या विषमतेचं रडगाणं आता पुरे. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या मनातून अजून जात नाहीत, म्हणून हे उत्तर.

मित्राचा पुरावा होता मुंबईचं जुलै २०२०चं रक्तसर्वेक्षण. ते खरंच आहे. माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांत झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. लागण झालेल्यांच्या मानानं नोंदलेले मृत्यू झोपडपट्टीत कमी होते, हेही कबूल. पण कोविड मुख्यतः म्हाताऱ्यांना मारत होता आणि झोपडपट्टीत म्हातारी माणसं कमी असतात. काही गावी परतलेली असतात, काही त्या वयापर्यंत पोचलेलीच नसतात. शिवाय ‘नोंदलेले’ हा शब्द मित्रानं गाळला. २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी ४५ टक्के माणसं वैद्यकीय मदतीविना गेली. आदल्या वर्षी हेच प्रमाण ३४.५ टक्के होतं. २०२०मध्ये मृत्यूचं कारण डॉक्टरनं लिहून दिलं, असे मृत्यू जेमतेम २२.५ टक्के. ज्याच्या उशाशी डॉक्टरच आला नाही, तो कोविडनं गेला हे कोण लिहिणार?

इथवर मला माझी बाजू भक्कम वाटत होती. खाटा वाढवा, डॉक्टर नेमा, प्राणवायूची सोय करा, हेच मी वर्षानुवर्षं लिहीत आलो आणि २०२१च्या एप्रिलमधल्या दुसऱ्या लाटेनंतर त्यातला एकही शब्द मागे घ्यायचं कारण नाही. पण मित्राला खोडून काढायला म्हणून मी १९१८च्या साथीकडे, आपल्या आजी-पणजीच्या तोंडच्या मानमोडीकडे वळलो आणि अडकलो.

त्या वर्षी मुंबई शहरात इन्फ्लुएन्झानं दर हजारी किती माणसं गेली, याचे जातधर्मवार आकडे उपलब्ध आहेत. युरोपियन ८.३. पारशी ९. सवर्ण हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि ज्यांना तेव्हाचे कागद ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणतात, ते ६१.६. एकच शहर, एकच पावसाळा-हिवाळा, आणि सातपटीहून अधिक अंतर.

मला थांबवलं ते यानं: त्या साथीवर औषधच नव्हतं. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडायला १९३३ उजाडलं, पेनिसिलिनचा शोध १९२८चा. मलबार हिलवरच्या साहेबाच्या डॉक्टरकडेही या तापावर उतारा नव्हता. मग साहेब वाचला कशानं? आठ दिवस अंथरुणात पडून राहिला तरी त्याचा पगार बुडत नव्हता. खोलीला खिडक्या होत्या. घशाखाली उतरेल असं काही करून देणारं, रात्री उठून पाणी पाजणारं माणूस होतं. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य कडाडलं होतं. गोदीवर ओझी वाहणारा आणि शहराचा मैला उचलणारा तापातच कामावर जात होता, आणि घरी त्याची बायकोही तापानं फणफणलेली. हिंदुस्थानात मानमोडीनं पुरुषांपेक्षा बायका जास्त नेल्या. सगळ्यांची शुश्रूषा करणारीची शुश्रूषा करायला कुणी उरलं नव्हतं, हे त्याचं एक कारण मला उघड दिसतं.

म्हणजे माझंही चुकत होतं. आरोग्यसेवा म्हणजे इस्पितळ, असं धरून मी खाटा मोजत बसलो. भरपगारी आजारपणाची रजा, नळाचं पाणी, हवेशीर खोली, रेशन, दारावर येणारी आशा ताई हे सगळं मी ‘सामाजिक प्रश्न’ म्हणून दुसऱ्या कप्प्यात टाकत होतो. ६१.६ हा आकडा त्या कप्प्यातून आला आहे. मित्राला झोपडपट्टीची चिवट प्रतिकारशक्ती दिसली. मला इस्पितळाचं दार दिसलं. आजाऱ्याला पडून राहायची मुभा आहे का, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

हे विचारणारी बाई पुण्यात होऊन गेली. १८९७च्या प्लेगवरही औषध नव्हतं. तरी सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवस्तीतून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव याच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आल्या. तिथं त्या पोराला द्यायला होतं काय? स्वच्छ अंथरूण, पाणी, जवळ बसणारं माणूस. पोरगा वाचला, असं सांगतात. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या.