लेव्हल ओके

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर स्कूटरचं जॉबकार्ड हातात आलं. इंजिन ऑइलच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘लेव्हल ओके’. मी विचारलं, ‘‘म्हणजे बदललं नाही का?’’ काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘सर, डिपस्टिकवर दोन खुणांच्या बरोबर मध्ये आहे. कमीच झालं नाही, तर बदलायचं कशाला?’’ मुलगा नम्र होता, मोजमापही त्याने नीट केलं होतं. तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण त्याने उत्तर दिलं होतं ते वेगळ्याच प्रश्नाचं.

इंजिनाला ऑइल लागतं आणि ते वेळेवर बदलावं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला घोळवायचा आहे तो एक फरक. काही वस्तू वापरल्या की संपतात, काही वापरल्या की मळतात. संपणारी वस्तू आपण होऊन हाक मारते. पेट्रोलचा काटा खाली येतो, सिलिंडर संपला की शेगडी विझते. मळणारी वस्तू शेवटपर्यंत गप्प असते. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असू शकते आणि तळाशी वीतभर गाळही असू शकतो. नळाला पाणी येतंय तोवर कुणी झाकण उघडत नाही. इंजिन ऑइल या दुसऱ्या जातीचं आहे. ते किती आहे हे डिपस्टिक सांगते, कसं आहे हे सांगत नाही.

ऑइलचं आत काय होतं? पिस्टनच्या रिंगांमधून निसटून ज्वलनाचे थोडे वायू खाली उतरतातच. त्यांच्याबरोबर काजळी येते, न जळलेलं पेट्रोल येतं, पाण्याची वाफ येते. ऑइलमध्ये घातलेली रसायनं ही काजळी तरंगती ठेवतात, तिचा गाळ बसू देत नाहीत, आम्लांना निष्प्रभ करतात. म्हणजे ऑइल काळं पडणं ही त्याच्या कामाची खूण आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ही ताकद अमर्याद नसते. मंडईपर्यंत जाऊन परत येणाऱ्या स्कूटरचं इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे आत साठलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. किलोमीटर कमी, त्रास जास्त. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत किलोमीटरशेजारी महिनेही छापलेले असतात, ‘जे आधी होईल ते’. ते महिने आपण कुणीच वाचत नाही.

आता फिल्टरचं. बारामतीत बनणाऱ्या व्हेस्पाला बदलायचा फिल्टर असतो. पण अ‍ॅक्टिव्हासारख्या आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसणाऱ्या स्कूटरना तसा कागदी फिल्टर नसतोच, नुसती धातूची जाळी असते. जाळी कण अडवते, काजळी अडवू शकत नाही. अशा इंजिनातून मळ बाहेर जायचा तर तो ऑइलबरोबरच जाणार. तेही लिटरभरापेक्षा कमी! एवढ्याशा ऑइलने झीज थांबवायची, उष्णता वाहून न्यायची आणि कचराही सांभाळायचा. त्याला ‘लेव्हल ओके’ एवढंच प्रशस्तिपत्र देणं मला अन्यायाचं वाटतं.

ऑइल कमी झालं तरच बघायचं, या समजुतीचं मूळ मला टू-स्ट्रोकच्या काळात दिसतं. १९७२ साली आकुर्डीहून बाजारात आलेल्या चेतकने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या वाहिल्या. तिचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असे. पंपावर पेट्रोलबरोबर ‘टूटी’ मागायचं, पंपवाला मापाने ते टाकीत सोडणार, आणि मग टाकी भरलेली स्कूटर आडवीतिडवी हलवायची, म्हणजे दोन्ही एकजीव व्हावं. ते ऑइल सिलिंडरमध्ये जळून निळसर धूर होऊन मागून निघून जाई. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असे आणि तेवढं बदलावं लागे, हे खरं. पण रोजच्या व्यवहारातलं ऑइल म्हणजे संपणारी वस्तू, हे त्या पिढीच्या हाडीमाशी मुरलं. लहान मुलंसुद्धा टूटीचा वास ओळखत. पुढे फोर-स्ट्रोक स्कूटर आल्या, धूर गेला, ऑइल आतच राहू लागलं. यंत्र बदललं, आपला हिशेब मात्र संपण्याचाच राहिला.

माझा एक मित्र आहे, त्याला हा सगळा विचार फुकटचा वाटतो. ‘‘अरे, ज्याचं काम त्याने करावं. तू दातही स्वतःच काढतोस का? पैसे दे आणि मोकळा हो.’’ माझं म्हणणं नेमकं उलट होतं. वाटायचं, प्रत्येक स्कूटरवाल्याने आपलं ऑइल स्वतः बदलावं, निदान एवढं तरी. दात काढायला शिक्षण लागतं. इथे लागतो एक पाना, एक पसरट भांडं आणि अर्धा तास. मित्राच्या बोलण्यात मला एक खोटही दिसत होती. पैसे दिले की आपण कामातून मोकळे होतो, पण काम झालं का हे कळण्यातूनही मोकळे होतो. ते जॉबकार्ड हा त्याचाच पुरावा.

शिवाय हे काम हाताला काय काय शिकवतं! गाडी थोडी चालवून इंजिन कोमट करायचं, म्हणजे ऑइल पातळ होऊन मळासकट उतरतं. डबल स्टँडवर लावून खालचा बोल्ट सोडायचा. बऱ्याच स्कूटरमध्ये बोल्टाच्या टोपीमागोमाग स्प्रिंग आणि बोटभर जाळी बाहेर येते. ती उजेडात धरून पाहावी. कधी सीलच्या डिंकाचा तुकडा अडकलेला असतो, कधी धातूचा चमचमता कीस, आणि तो कीस जास्त असेल तर इंजिनाने दिलेला तो पहिला इशारा असतो. जाळी धुऊन बसवायची, वॉशर नवा घालायचा, बोल्ट बेताने आवळायचा. खालचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं असतं. जोर जास्त झाला की आटे जातात आणि शंभराचं काम हजारांत जातं. मग स्कूटरसाठीचं, डब्यावर ‘एमबी’ लिहिलेलं ऑइल मापून ओतायचं. ‘एमए’ असतं ते मोटरसायकलचं, कारण तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो.

इथवर माझी बाजू पक्की होती. ती हलली ती भांड्यातल्या काळ्या ऑइलमुळे. याचं करायचं काय? ज्या दुकानातून नवं ऑइल आणलं त्याने जुनं घ्यायला साफ नकार दिला. गटारात ओतलं तर ते ओढ्यात, नदीत जाणार. मातीत ओतलं तर तिथेच मुरणार. एकट्या घरातल्या एवढ्याशा डब्यासाठी आपल्या शहरांत सहज सापडेल अशी सोय नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मात्र कोपऱ्यात ड्रम असतो आणि तो भरला की कुणीतरी विकत न्यायला येतं. प्रत्येकाने घरी ऑइल बदलावं हा माझा आग्रह गावाने मानला, तर घरोघरी असे डबे तयार होतील आणि त्यातले बरेच गटाराकाठी रिकामे होतील. म्हणजे मित्राचा निष्कर्ष बरोबर ठरतो, जरी कारण त्याने वेगळं दिलं तरी. बदलण्याचं काम गॅरेजलाच द्यावं.

पण त्या ड्रमचं पुढे काय होतं, हे विचारणं गॅरेजला देता येत नाही. त्यातलं बरंच ऑइल बांधकामावर जातं. स्लॅब टाकण्याआधी सेंट्रिंगच्या फळ्यांना जळकं ऑइल फासतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. काही भट्ट्यांमध्ये जाळलं जातं. या दोन्ही वापरांत ऑइल संपलं असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात मूळ तेल बहुतांशी शाबूत असतं. मळ आणि थकलेली रसायनं काढून टाकली की शुद्ध करून ते पुन्हा वापरता येतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतंच. २०२३ च्या दुरुस्तीने त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. काउंटरवरच्या मुलाने मळलेल्या ऑइलला पुरेसं म्हटलं, आपण मळलेल्या ऑइलला संपलेलं म्हणतो. दोन्हीकडे चूक एकच, मळणं लक्षात न घेण्याची.

तेव्हा माझी मागणी आता बदलली आहे. पाना हातात घ्या असं मी कुणाला म्हणणार नाही. ऑइल बदलताना समोर उभं राहा, जाळी दाखवायला सांगा, ड्रम कुठे जातो हे विचारा. आणि ऑइल विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला तेवढंच जुनं ऑइल परत घेणं बंधनकारक करा. नवा डबा घरापर्यंत पोचवणारी साखळी गावोगाव उभी आहे. जुना डबा परत न्यायलाही तीच पुरेशी आहे.