एका थेंबाचे मोल



आजच्या शुभवर्तमानात आपण श्रीमंत माणूस आणि लाझरस यांचा दाखला ऐकतो (लूक १६:१९-३१). या श्रीमंताने लाझरसला मारले नाही, हाकलूनही दिले नाही. दारात पडलेल्या माणसाकडे त्याने फक्त पाहिले नाही. मृत्यूनंतर यातना भोगताना तो काय मागतो? लाझरसच्या बोटाच्या टोकावरचे थेंबभर पाणी! आयुष्यभर ज्याने कशाचाच हिशेब ठेवला नाही, त्याला शेवटी एका थेंबाचे मोल कळले.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे संत फ्रान्सिस असिसीकरांच्या सणापर्यंतचा काळ ख्रिस्तसभा निर्मितीच्या जपणुकीसाठी पाळते. त्या निमित्ताने हा दाखला घेऊन आपण आपल्या न्हाणीघरात डोकावू या.

आपल्या वसईत पूर्वी विहिरी होत्या, बावखले होती. पाणी शेंदावे लागे, म्हणून ते जपून वापरले जाई. आंघोळीचे पाणी केळीच्या आणि अळवाच्या मुळाशी जाई. पुढे टँकरसाठी भूजलाचा बेसुमार उपसा झाला, विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या कार्यकर्त्यांनी आपल्याला जागे केले.

आज नळाला येणारे बरेचसे पाणी सूर्या नदीवरील धामणी धरणाचे असते. हे धरण मुळात डहाणू, विक्रमगड, पालघर भागातील शेतीसाठी योजले होते. तिथले बहुसंख्य शेतकरी आदिवासी आहेत. त्याच आपल्या पालघर जिल्ह्यात, मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात आयाबहिणी हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. लाझरस फार दूर नाही. तो आपल्याच दारात आहे.

आता थोडा हिशेब करू या. साध्या शॉवरमधून मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी पडते. दहा मिनिटे शॉवर घेतला की १०० लिटर, म्हणजे मोठ्या पाच बादल्या पाणी गेले. ते पंधरा अंशांनी तापवायला गिझर सुमारे पावणेदोन युनिट वीज घेतो. एका बादलीत आंघोळ उरकली, तर पाणी आणि वीज दोन्ही एक पंचमांशच लागतात.

मग आपण काय करू शकतो? शक्यतो बादली आणि तांब्या वापरू या. शॉवर हवाच असेल, तर साबण लावताना तो बंद ठेवू या. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जाते, ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरू या. प्लॅस्टिकच्या बाटलीतील द्रवसाबणापेक्षा साबणाची वडी बरी. अंग घासण्याच्या काही क्रीममध्ये प्लॅस्टिकचे बारीक कण असतात. ते गटारातून खाडीत आणि समुद्रात जातात, त्यामुळे अशी क्रीम टाळू या. अंगण असेल, तर न्हाणीचे पाणी पुन्हा केळीकडे वळवू या. आणि गळका नळ आजच दुरुस्त करू या. सेकंदाला एक थेंब गळाला, तरी दिवसभरात बादलीभर पाणी जाते. श्रीमंताने मागितला होता, तो असाच एक थेंब!

घरातील आजारी माणसे, वृद्ध आणि तान्ही बाळे यांच्या पाण्यात मात्र काटकसर नको. काटकसर धडधाकट माणसांनी करायची आहे.

कुणी म्हणेल, “आम्ही चार बादल्या वाचवल्या, तर मोखाड्याला पाणी पोहोचेल का?” लगेच पोहोचणार नाही. त्यासाठी न्याय्य वाटपाचा आग्रह आपल्याला ग्रामसभेत आणि मतदानातही धरावा लागेल. परंतु जो स्वतःच्या घरात पाणी मोजत नाही, त्याला दुसऱ्याची तहान जाणवत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि पाण्याचा वापर कमी करण्यासारख्या रोजच्या लहान कृतींनाही मोल दिले.

बाप्तिस्म्याच्या वेळी ओंजळभर पाण्याने देवाने आपल्याला आपलेसे केले. उद्या सकाळी पहिला तांब्या अंगावर घेताना त्या पाण्याची आठवण करू या, देवाचे आभार मानू या आणि ज्यांच्या घरी अजून पाणी नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या.