घरची सुई आणि कायदा



दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई होती. म्हणून १९४२ साली ब्रिटिश सरकारने पुरुषांच्या पँटला तळाशी बाहेरून दुमड ठेवून शिवायला बंदी केली. काहींनी वाट काढली: मुद्दाम लांब पँट घ्यायची आणि घरीच सुईदोऱ्याने दुमड घालायची. कायद्याचा हात घरच्या सुईपर्यंत पोहोचत नव्हता. मग यात चूक काय?

नियम मोडला नाही, हे खरे. पण जे कापड वाचायला हवे होते, ते दुमडीत गेलेच. सर्वांनी वाटून सोसायची टंचाई त्यांनी शेजाऱ्यावर ढकलली.

१९४४ मध्ये बंदी उठली, प्रश्न राहिला. नियमाचे अक्षर पाळून हेतू मोडणाऱ्याला प्रामाणिक म्हणावे का? उन्हाळ्यात पाणीकपातीच्या आदल्या रात्री घरातली सारी पिंपे भरताना आपणही स्वतःला हे विचारू या.