वरचे चार हजार रुपये कशाचे?

ज्यांस आपल्या मालाची खरी पारख आहे अशा खास दुकानांतून चढ्या भावानें वस्तु घ्यावी, कीं तीच वस्तु मोबाइलवरून कमी पैशांत घरपोंच मागवावी, हा प्रश्न आतां शहरांतल्या लोकांपुरता राहिलेला नाहीं. ज्या गांवीं एस. टी. दिवसांतून दोनदांच जाते तेथेंही कुरिअरवाला येऊन पोंचतो. पुष्कळांस हा केवळ हिशेबाचा प्रश्न वाटतो. ज्याचे दोन रुपये वांचले तो शहाणा, एवढेंच. दुसरे कित्येक उलट टोंकास जाऊन म्हणतात कीं, तालुक्याच्या दुकानदारास सोडून परक्याकडून माल मागविणें हा द्रोहच होय. आम्हांस हीं दोन्ही मतें उतावळेपणाचीं वाटतात. प्रश्न नीतीचा आहे खरा. परंतु त्यांतील नीति नेमकी कोठें बसली आहे हें शोधावें लागतें.

गोलगोल बोलण्यापेक्षां एक उदाहरण घेऊं. आमच्या वाचकांस बाजाची पेटी चांगली परिचयाची आहे. समजा, एका लहानशा मंडळीची जुनी पेटी निकामी झाली आणि नवी घ्यावयाचें ठरलें. जिल्ह्याच्या गांवीं पेट्या करणारा व दुरुस्त करणारा एक दुकानदार आहे. तो १६,००० रुपये सांगतो. मोबाइलवर तशीच दिसणारी पेटी १२,००० रुपयांस मिळते, आणि ती दारांत येऊन पडते. वर्गणी जमली आहे ती कोणाच्या दहा रुपयांनीं, कोणाच्या शंभरांनीं; ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांनींही आपला वांटा पाठविला आहे. पंचांपैकीं एक म्हणतो, "लोकांचे चार हजार अधिक देण्याचा आपणांस काय अधिकार?" दुसरा म्हणतो, "त्या मनुष्यानें आपली जुनी पेटी वीस वर्षें चालती ठेविली. त्यास आतां तोंड कसें दाखवावें?" दोघेही प्रामाणिक आहेत, आणि म्हणूनच हें भांडण लवकर मिटत नाहीं.

हे वरचे चार हजार कशाचे, हें कळल्यावांचून निवाडा होणार नाहीं. पेटी ही मूळची परदेशची. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ ह्यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें त्याच शतकांत कलकत्त्याच्या कारागिरांनीं तिला पायांवरून हातावर आणिलें व जमिनीवर बसून वाजविण्याजोगी केली. बाहेरून पाहिली तर लांकडाचा डबा, मागें भाता, समोर काळ्यापांढऱ्या पट्ट्या. छायाचित्रांत सर्व पेट्या सारख्याच. तिचा जीव आंत असतो. प्रत्येक पट्टीखालीं पितळेची पातळ जीभ बसविलेली असते, तिलाच सूर म्हणतात. ही जीभ टोंकाशीं किंचित् खरवडली तर सूर चढतो, बुडाशीं खरवडली तर उतरतो. आणि किती खरवडावें हें हातास कळावयास वर्षें लागतात. पावसाळ्यांत लांकूड फुगून पट्ट्या दबून राहतात, भात्याच्या घडीस भोंक पडून वारा सुटतो, उंदीर चामडें कुरतडतात. ज्यास ही विद्या आहे तो गिऱ्हाइकास आधीं विचारतो: पेटी खोलींत वाजणार कीं मांडवांत? गाणाऱ्यांत बाया अधिक कीं पुरुष? म्हणजे काळी चारांत गावयाचें कीं काळी एकांत? त्यावरून खर्ज-नर जोडीची पेटी द्यावी कीं नर-नर जोडीची, हें तो सुचवितो. चार पेट्या वाजवून दाखवितो. आणि महाग पेटीची जरूर नसेल तर तसेंही सांगतो. (जो सांगत नाहीं, त्याची बाजू आम्ही येथें घेत नाहीं.)

हें ज्ञान दुकानदार निराळें विकीत नाहीं. वैद्यास व वकिलास सल्ल्याबद्दल पैसे देण्याची चाल आहे. दुकानदाराच्या सल्ल्यास किंमत विचारली तर आपणच त्यास हंसूं. म्हणून तो आपली मजुरी मालाच्या किंमतींत घालतो. गाळ्याचें भाडें, वर्षभर पडून राहिलेल्या मालांत अडकलेला पैसा, शिकाऊ मुलाचा पगार, हेंही सर्व त्यांतच येतें. तेव्हां वरच्या चार हजारांतले कांहीं खर्चाचे, कांहीं नफ्याचे, आणि कांहीं त्या कानाचे व हाताचे आहेत.

आतां ज्या गोष्टीस आम्ही स्पष्टपणें अन्याय म्हणूं ती ही: दुकानांत जावें, चहा घ्यावा, दीड तास पेट्या वाजवून घ्याव्या, खर्ज-नर म्हणजे काय हें समजून घ्यावें, कोणत्या बनावटीची पेटी टिकते तें विचारावें, मग "घरीं विचारून येतों" असें म्हणून पायरी उतरावें आणि कोपऱ्यावर उभें राहून तीच बनावट मोबाइलवर मागवावी. ह्यांत कायद्याचा भंग नाहीं. दुकानदारासही कदाचित् कधीं कळणार नाहीं. परंतु एका मनुष्याचें दीड तासाचें काम घेतलें आणि त्याची मजुरी दुसऱ्यास दिली, हें मात्र खरें. शेतांत बोलावून अर्धा दिवस खुरपणी करून घेतल्यावर "आज काम नको होतें" असें म्हणून बाईस रिकाम्या हातीं परत लाविलें, तर आमचे वाचक त्यास काय म्हणतील तें आम्हीं सांगावयास नको. चष्म्याच्या दुकानीं डोळे तपासून घेऊन नंबराचा कागद खिशांत घालणारे, आणि बुटांच्या दुकानीं चार जोड पायांत घालून पाहून माप तेवढें लक्षांत ठेवणारे, हेही ह्याच वर्गांतले.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, आम्ही दुकानदारांचे वकील झालों. तसें नव्हे. जो दुकानांत गेलाच नाहीं, ज्यास काय हवें हें स्वतः ठाऊक आहे, त्यानें दूरवरून माल मागविला तर त्यानें कोणाचें कांहींएक घेतलेलें नाहीं. आणि जवळचें दुकान म्हणजे आपलें दुकान, हें वाक्य आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या तोंडून सहज निघणार नाहीं. त्यांच्या आज्यापणज्यांनीं दुकानाच्या पायरीखालीं उभें राहून पैसे जमिनीवर ठेविले आहेत. दुकानदारानें त्यांवर पाणी शिंपडून ते उचलले आहेत, आणि गूळ-मीठ वरून पदरांत टाकिलें आहे. मापांत किती आलें हें पाहण्याची सोय नव्हती, आणि विचारण्याची तर नव्हतीच. उधारीच्या वहींत काय लिहिलें आहे हें ज्यास वाचतां येत नसे त्याचा अंगठा त्या वहीवर असे. टपालानें येणारी पेटी कोणाची जात विचारीत नाहीं, आणि एकच भाव सर्वांस सांगते. ज्यांनीं असें दुकान पाहिलें आहे त्यांच्या घरच्या मुलास ही गोष्ट लहान वाटणार नाहीं, आणि ती लहान मानूंही नये.

अमेरिकेंतही असेंच घडलें आहे. तेथील दक्षिणेकडच्या संस्थानांत काळ्या लोकांस गांवच्या दुकानांत गोऱ्यांचें गिऱ्हाईक संपेपर्यंत ताटकळत उभें राहावें लागे, आणि पुष्कळदां मिळेल तो हलका माल घ्यावा लागे. सीअर्स, रोबक ह्या शिकागोच्या कंपनीचें जाडजूड सूचिपुस्तक घरीं आलें म्हणजे त्यांस गोऱ्यांच्याच भावानें, गोऱ्यांचाच माल टपालानें मागवितां येई. १८९६ पासून खेड्यांत घरोघर टपाल जाऊं लागलें, आणि १९१३ सालीं पार्सलांचें टपाल सुरू झालें, तेव्हां तो व्यापार फार वाढला. गांवोगांवच्या दुकानदारांचा संताप असा कीं, कित्येक ठिकाणीं त्या सूचिपुस्तकांची जाहीर होळी करण्यांत आली. त्या होळीभोवतीं उभे राहिलेल्यांनीं "आपला दुकानदार" हे शब्द फार वेळां उच्चारले असतील. परंतु तो कोणाचा आपला होता हें त्यांनीं विचारिलें नाहीं. (तें सूचिपुस्तकही १९९३ सालीं बंद झालें.) आपल्याकडेही ही चाल जुनीच आहे. टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. सुरू केली, आणि पुस्तकें, घड्याळें, औषधें खेड्यापाड्यांस जाऊं लागलीं. फ्लिपकार्ट कंपनी २००७ सालीं बेंगळूर येथें पुस्तकें विकण्यापासून निघाली. २०१० सालीं तिनें माल हातीं पडल्यावर पैसे घेण्याची सोय केली, तेव्हां ती व्ही. पी.च नवा वेष घालून आली असें म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र दूरच्या मालाची स्वस्ताई सगळी एका जातीची नसते. गुदाम मोठें, खरेदी एकदम हजारांची, मधले दलाल नाहीत, म्हणून जी वस्तु स्वस्त पडते तिची स्वस्ताई निर्मळ आहे. परंतु भांडवलवाल्यांच्या पैशांवर तोटा सोसून माल विकावयाचा, आणि जवळपासचीं दुकानें मोडलीं म्हणजे भाव चढवावयाचा, ही स्वस्ताई निराळी. बाजारांत प्रबळ झालेल्या कंपनीनें असें करूं नये असें आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यांत आहे. पण एका पेटीच्या किंमतींत कोणती स्वस्ताई किती, हें गिऱ्हाइकास कसें कळावें? तें शोधून काढण्याचें ओझें आम्ही मंडळीच्या पंचांवर घालीत नाहीं.

कांहीं देशांनीं हा प्रश्न, निदान पुस्तकांपुरता, गिऱ्हाइकाच्या मनावर सोडलाच नाहीं. फ्रान्समध्यें १९८१ च्या कायद्यानें पुस्तकाची किंमत प्रकाशकानें ठरवावी आणि कोणत्याही दुकानदारानें त्यांत शेंकडा पांचाहून अधिक सूट देऊं नये असें ठरलें. म्हणजे पॅरिसच्या मोठ्या दुकानांत आणि डोंगराळ गांवांतल्या लहान दुकानांत भाव जवळजवळ एकच. पुढें घरपोंच पुस्तकें पाठविणाऱ्या कंपन्यांनीं टपालखर्च माफ करून ही मर्यादा ओलांडली. २०१४ च्या कायद्यानें फुकट टपाल बंद केलें, तेव्हां टपालखर्च म्हणून एक सेंट, म्हणजे युरोचा शंभरावा हिस्सा, आकारण्यांत येऊं लागला! अखेर ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंहून कमी किंमतीच्या मागणीवर निदान ३ युरो टपालखर्च घेतलाच पाहिजे असें झालें. इंग्लंडांत उलट झालें: पुस्तकांचे भाव बांधून ठेवणारा तेथील १९०० सालापासूनचा करार १९९५ सालीं मोडला. दोन्ही बाजूंस शहाणे लोक आहेत. पण कायद्यानें दुकान राखिलें म्हणजे तें राखण्याजोगें होतेंच असें नाहीं. आमच्या मुंबईंत स्ट्रँड बुक स्टॉल हें दुकान टी. एन्. शानभाग ह्यांनीं १९४८ सालीं काढलें. तें पुस्तकांवर भरघोस सूट देत असे, आणि तरी तेथील माणसांस पुस्तकें माहीत असत. फेब्रुवारी २०१८ मध्यें तें बंद झालें तेव्हां लोक हळहळले ते सुटीकरितां नव्हे. सूट तर तोंवर सर्वत्रच मिळूं लागली होती.

आतां पंचांकडे परत येऊं. पहिल्या पंचाचें म्हणणें आम्हांस अधिक वजनदार वाटतें. स्वतःच्या खिशांतले चार हजार कोणी मैत्रीकरितां अधिक दिले तर तें त्याचें औदार्य. लोकांच्या वर्गणींतून औदार्य करतां येत नाहीं. मग उत्तर बारा हजारांचेंच काय? तसेंही नाहीं. पंचांनीं दुकानदाराकडे जाऊन उघडपणें सांगावें: "बाहेर ही बारा हजारांस मिळते, तुमच्या सोळांत आम्हांस काय मिळेल?" पुष्कळांस असें विचारण्याची लाज वाटते, आणि ही लाजच सर्व घोटाळ्याचें मूळ आहे, कारण जो विचारीत नाहीं तो एक तर गुपचूप दुसरीकडे जातो, नाहीं तर मनांत कुढत पैसे देतो. विचारिल्यावर दुकानदार म्हणेल, पांच वर्षें दर पावसाळ्यानंतर सूर मिळवून देईन, भाता फाटला तर फक्त चामड्याचे पैसे घेईन, आणि तुमच्या एका मुलास लहानसहान दुरुस्ती शिकवीन. तें कागदावर लिहून घ्यावें व मंडळीपुढें वाचावें. मग तें औदार्य राहत नाहीं. तो चांगला सौदा होतो, आणि दहा रुपये देणाऱ्या बाईस त्याचा हिशेब देतां येतो. जर तो म्हणाला, "घ्यावयाची तर घ्या, नाहीं तर चालते व्हा," तर पंचांनीं निःशंक मनानें बारा हजारांची मागवावी.

ज्या घरीं मुलाच्या शाळेचीं पुस्तकें घेण्यास पैसे पुरत नाहीत, त्या घरास मात्र आम्ही एवढाही विचार करावयास सांगत नाहीं. त्यानें जेथें स्वस्त मिळेल तेथें घ्यावें. दुकान जगविण्याची जबाबदारी ज्याच्या घरीं चूल कशीबशी पेटते त्याच्यावर टाकणें, आणि पगारदारानें मोबाइलवर सूट शोधीत बसणें, हें उलटें झालें. दुर्दैवानें आम्ही पाहतों तें बहुधा असेंच असतें: गरीब मनुष्य उधारीनें बांधलेला असल्यामुळें जवळच्या दुकानींच महाग घेतो, आणि ज्यास चार रुपये अधिक देणें जड नाहीं तोच घांसाघीस करून दूर जातो.

एक गोष्ट दुकानदारांच्या बाजूनें उरली. ऑनलाइन घेतलेली पेटी सहा महिन्यांनीं बिघडते आणि तीच दुरुस्तीकरितां त्यांच्या दारीं येते, तेव्हां कित्येक कारागीर ती हातांत घेण्याचें नाकारतात, किंवा "जेथून घेतली तेथें न्या" असें टोंचून बोलतात. त्यांचा राग आम्हांस समजतो. तथापि त्यांनीं ती घ्यावी, आणि दुरुस्तीचे पुरते पैसे घ्यावे. आपल्याकडून पेटी घेणाऱ्यास सवलत देतात ती येथें देऊं नये. किती वेळ लागला, कोणता सूर बदलला, हें पावतीवर लिहावें. आजवर जें काम त्यांनीं पेटीच्या किंमतींत लपवून विकलें, त्याचा भाव गिऱ्हाइकानें प्रथमच त्या कागदावर वाचलेला असेल.