दुसरे कलम १३८

छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडवर 'एकशे अडतीस' एवढे म्हटले तरी पुरते. चेक बाउन्सची केस. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधले हे कलम १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक हा पैसे देण्याचा कागद, पण उधारीच्या व्यवहारात तो तारणाचा कागद होऊन बसला आहे. खाजगी सावकार सहीचे कोरे चेक आधी ठेवून घेतो आणि मग पैसे मोजतो. माल उधार देणारा व्यापारीही तेच करतो. त्यामुळे वाळूजचा वर्कशॉपवाला असो की गुलमंडीचा कापडवाला, धंदा बसला की दिवाणी दाव्याच्या आधी त्याच्या दारात फौजदारी समन्स येते.

याच देशात आणखी एक कलम १३८ आहे. ते २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतले. माणूस दिवाळखोर ठरल्यापासून एक वर्ष उलटले की त्याच्या मालमत्तेवर नेमलेल्या विश्वस्ताने मुक्ततेच्या आदेशासाठी अर्ज करायचा आणि न्यायाधिकरणाने तो आदेश द्यायचा, असे ते सांगते. जे विकण्याजोगे होते ते विकून घेणेकऱ्यांत वाटायचे. त्यातून जे भागले नाही ते संपले. फसवणुकीतून आलेले देणे, न्यायालयाचा दंड, पोटगी, शिक्षणकर्ज अशी मोजकी देणी मागे राहतात. बाकी पाटी कोरी.

पहिले कलम सगळ्यांना लागू आहे, दुसरे नाही. संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी लिहिला गेला, पण केंद्र सरकारने १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू केला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ललित कुमार जैन प्रकरणात ही विभागणी वैध ठरवली. वैध असेल. न्याय्य आहे असे मला वाटत नाही. कंपनीच्या शेकडो कोटींच्या कर्जाखाली ज्याने सही केली, त्याला वर्षभराने बाहेर पडण्याची वाट कायद्याने दिली. स्वतःच्या नावावर दोन लेथ चालवणाऱ्याला ती दिली नाही.

आमच्या शहरात हा फरक डोळ्यांदेखत घडला आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता. नंदलाल धूत यांनी उभा केलेला हा उद्योगसमूह म्हणजे मराठवाड्याच्या अभिमानाची गोष्ट होती. देशभरातल्या घरांत पोचलेला रंगीत टीव्ही आपल्या गावचा, असे लोक सांगत. जून २०१८ मध्ये स्टेट बँकेच्या अर्जावरून हा समूह नादारी प्रक्रियेत गेला. तेरा कंपन्या एकत्र करून मान्य झालेले दावे जवळपास ६५ हजार कोटींचे होते, आणि जून २०२१ मध्ये मंजूर झालेली योजना २,९६२ कोटींची. कच्चा माल, सुटे भाग, सेवा पुरवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला त्यांच्या दाव्याच्या एक टक्काही येणार नव्हता, आणि त्यांत कितीतरी लघुउद्योजक आहेत याची नोंद खुद्द न्यायाधिकरणाने आदेशात केली. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती योजनाही रद्द केली.

आता अशा मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या एखाद्या पुरवठादाराचा विचार करू. त्याचे बिल अडकले. पण बिल फाडले तेव्हाच जीएसटी भरावा लागला, पैसे हातात आले नसले तरी. कामगारांचे पगार थांबवता येत नाहीत म्हणून सीसी लिमिट टोकाला नेली. ती भरली तेव्हा पतसंस्थेचे कर्ज काढले, मेहुण्याला जामीनदार केले. मग बायकोचे सोने मोडले, आणि शेवटी महिना पाच टक्क्यांनी पैसे आणले, म्हणजे वर्षाला साठ टक्के. त्याचे पैसे जिने बुडवले त्या कंपनीला कायद्याने पहिल्या दिवसापासून संरक्षण दिले: प्रक्रिया चालू असेपर्यंत वसुलीला स्थगिती, कारभार पाहायला व्यावसायिक, देण्यांचा शेवट करणारा आराखडा. याच्या प्रोप्रायटरी वर्कशॉपला मात्र मालकाहून वेगळे अस्तित्व नाही. वर्कशॉप बुडाले म्हणजे हाच बुडाला. सिडकोतले घर गहाण असेल तर सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस दारावर चिकटते आणि शेजारपाजारचे जाता-येता ती वाचतात.

त्याच्यासाठी कायदाच नाही असे नाही. मुंबई, कोलकाता, चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा आणि बाकी मुलखासाठी १९२० चा, असे इंग्रजी अमदानीतले दोन नादारी कायदे आहेत. नवी संहिता ते रद्द करणार होती, पण रद्द करणारे कलमही अजून लागू झालेले नाही. १९२० च्या कायद्यात पाचशे रुपयांचे देणे असलेला माणूसही जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. शंभर वर्षांत तो आकडा बदलावा असे कुणाला वाटले नाही. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता रिसीव्हरकडे जाते आणि मुक्ततेसाठी कधीपर्यंत अर्ज करायचा याची मुदत न्यायालय ठरवून देते. तोपर्यंत नगरपालिकेची निवडणूक लढता येत नाही. आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयेही उधार घेतले तर तो गुन्हा.

तरीही या जुन्या कायद्यात मला एक गोष्ट मोलाची वाटते. मालमत्ता देण्याच्या तुलनेत रुपयाला आठ आण्यांहून कमी भरत असेल तर न्यायालय पूर्ण मुक्तता नाकारते, पण त्याला एक अपवाद आहे. ज्या परिस्थितीमुळे ही वेळ आली तिच्यासाठी आपल्याला न्यायाने जबाबदार धरता येणार नाही, हे त्या माणसाने न्यायालयाला पटवून द्यावे. हा प्रश्न विचारण्याची तसदी नातेवाईक घेत नाहीत, बँकेचा वसुली अधिकारी घेत नाही, क्रेडिट ब्युरोच्या अहवालात तर त्यासाठी रकानाच नाही. दुष्काळ पडला, कंपनीने पैसे बुडवले, घरातला माणूस आयसीयूत गेला, की जुगारात उडवले, हे कुणी विचारत नाही. विचारायची सोय १९२० मध्ये केली गेली आणि आपण ती कपाटात ठेवून दिली. असे अर्ज क्वचितच होतात. ज्याच्याकडे घरभाडे नाही त्याने वकील लावून वर्षानुवर्षे तारखा घ्याव्यात, एवढे त्राण त्याच्यात उरत नाही.

आपल्या परंपरेत देणे बुडवण्याला क्षमा नाही, असे या विषयावर बोलताना हमखास ऐकू येते. बापाचे कर्ज मुलाने फेडायचे, ही आपली रीत. मला ही परंपरा अपुरी वाचलेली वाटते. मराठी माणसाला ठाऊक असलेला सर्वांत मोठा दिवाळखोर देहूचा आहे. तुकोबांचे घराणे वाण्याचा धंदा आणि सावकारी करणारे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, दिवाळे निघाले, पहिली बायको अन्नावाचून गेली, आणि या अपमानाविषयी तुकोबा स्वतःच्या अभंगात उघडपणे बोलले. पुढची कथा परंपरेने जपली आहे. लोकांकडून येणे असलेली खते त्यांनी पुढे घेतली, धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याची निम्मी दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. कान्होबाचा वाटा त्यांनी बुडवला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. तरीही जे देणे वसूल होण्याजोगे राहिलेले नाही, त्याचा कागद माणसाच्या डोक्यावर टांगता ठेवू नये, हे त्यांना स्वतः बुडाल्यावर कळले होते.

ज्यांना कुणी तुकोबा भेटले नाहीत, त्यांनी खते जाळली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर गेले, आणि पुणे-नगर भागात पुढे जिथे जिथे दंगा झाला तिथे लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे त्याने बंद केले आणि शेतकऱ्यासाठी नादारीची तरतूदही केली. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. गोदावरीच्या अलीकडे निजामाचे राज्य होते. कायगाव टोक्याला नदीच्या एका काठावर हा कायदा होता, दुसऱ्या काठावर नव्हता. आज नदीच्या जागी कंपनी आणि माणूस यांच्यातली रेघ आहे, एवढाच बदल.

यावर एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. घेणेकरी म्हणजे दर वेळी बँक किंवा सावकार नसतो. २०२३ मध्ये याच शहरात आदर्श पतसंस्थेच्या अपहाराचे गुन्हे दाखल झाले तेव्हा निवृत्तीचे, मुलीच्या लग्नाचे, म्हातारपणीच्या औषधपाण्याचे पैसे अडकलेले ठेवीदार रस्त्यावर आले. कर्जदारांना मोकळे सोडा असे त्यांच्यापुढे उभे राहून कुणी म्हणू शकेल का? म्हणता येईल, कारण फसवणुकीतून आलेले देणे जुन्या कायद्यातही मुक्ततेने संपत नाही आणि नव्यातही नाही. उलट ज्याचे सगळे हिशेब विश्वस्तासमोर मांडले जातात, त्याने काय लपवले तेही तिथेच बाहेर येते. आज दोघांनाही एकच वागणूक मिळते. अपहार करणारा वकिलांची फौज उभी करतो आणि प्रामाणिकपणे बुडालेला फोन बंद करून गाव सोडतो. ठेवीदाराला दोघांकडूनही काही मिळत नाही.

कायद्याला हा फरक कळत नाही असेही नाही. पैसे नसलेल्या माणसाला केवळ देणे फेडले नाही म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, असे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितले. दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम तर एकदा प्रत्येकाने वाचावे असे आहे. जप्ती आली तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल, आणि धर्मरीतीने जो दागिना बाईने अंगावेगळा करायचा नसतो तो, हे न्यायचे नाही. म्हणजे मंगळसूत्र, रंधा आणि तवा कायद्याने राखून ठेवले. फक्त तो तवा चुलीवर ठेवणाऱ्या माणसाला आपण केव्हा सुटणार ते सांगितले नाही. घर सोडून गेलेल्या, किंवा त्याहून वाईट वाटेने गेलेल्या कर्जबाजाऱ्यांच्या बातम्या वाचताना मला कर्जाच्या आकड्याने धक्का बसत नाही. पुष्कळदा तो आकडा काही लाखांचाच असतो. पण त्या आकड्याला शेवटची तारीख नसते, आणि व्याज रोज वाढत असते. अमेरिकेत साध्या दिवाळखोरीतून माणूस साधारण चार महिन्यांत मोकळा होतो, इंग्लंडमध्ये वर्षात. तिथे गेलेल्या आपल्या मराठी मुलांना ती सोय आपोआप मिळते. त्यांच्या वाळूजमधल्या बापाला नाही.

तिसरा भाग लागू करायला संसदेत नवे विधेयक लागत नाही, अधिसूचना पुरते. मात्र तो आहे तसा लागू करून भागणार नाही. अगदी गरिबांसाठी त्यात 'नवी सुरुवात' नावाची सोपी वाट आहे: अर्ज करायचा, १८० दिवस वसुली थांबते आणि शेवटी देणे माफ होते. पण तिथे वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या, मालमत्ता २० हजारांच्या आणि कर्ज ३५ हजारांच्या आत असावे लागते, आणि स्वतःचे घर चालत नाही. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सकडून कर्ज घेतलेली बजाजनगरची बाई महिन्याला पाच हजारांहून जास्त मिळवत असेल तर ती या दारातून आत जाऊ शकत नाही. रिझर्व्ह बँक २०२२ पासून मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्नाचे कुटुंब धरते. कर्ज देताना जी मर्यादा लावली, ती कर्जातून सुटतानाही लावावी. आणि अर्ज करायला मुंबई गाठायला लावू नये. कर्जवसुली न्यायाधिकरण या शहरात आहे, बँकांच्या वसुलीसाठी ते रोज भरते, तिथेच या अर्जांची खिडकी उघडावी.