तुरुंगाच्या भेटीस निघताना

ज्या घरातील माणूस तुरुंगात पडतो, त्या घराला सर्वांत आधी भेडसावतो तो अब्रूचा प्रश्न. आणि म्हणूनच लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे माळेगावच्या यात्रेत कोणी कोणते जनावर किती रुपयांस घेतले हेही वर्षानुवर्षे लोकांच्या ध्यानात राहते, तेथे नांदेडच्या कारागृहातील मुलाच्या भेटीस निघालेली आई शेजारणीला दवाखान्याचे निमित्त सांगते, आणि ‘पोरगं पुण्याला कामाला गेलंय’ हे एकच वाक्य महिनोन्‌महिने जपत राहते. ही लाज अस्थानी आहे, असे माझे निश्चित मत आहे.

या भेटीची तयारी वरवर पाहता किरकोळ असते. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घ्यावयाचे, धुतलेले दोन सदरे, पायजमा आणि टॉवेल यांची घडी घालावयाची, वकिलाकडून पुढची तारीख विचारून घ्यावयाची, आणि सोनखेडवरून जाणारी सकाळची एसटी गाठावयाची. परंतु खरी तयारी असते ती बोलण्याची. जाळीपलीकडे उभ्या असलेल्या मुलाला काय सांगावे आणि काय सांगू नये, याचा हिशेब ती माउली रात्रभर मांडीत असते. बैल विकला हे सांगावयाचे नाही, बहिणीची सोयरीक मोडली हे तर मुळीच नाही. सोयाबीन बरे आले एवढे मात्र सांगावयाचे, मग ते आलेले असो वा नसो. भेटीची मुदत थोडी, शेजारी आणखी चार घरची माणसे आपापल्या कैद्याशी मोठ्याने बोलत असलेली, त्यामुळे नेमके सांगावयाचे तेच घशात अडकते आणि ‘जेवतोस का रे’ एवढेच तोंडातून बाहेर पडते. तुरुंगातील माणसाचे जग किती हातांवर येऊन ठेपते, याची जाणीव त्या एका प्रश्नाइतकी क्वचितच कशाने होते. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, १९१२ साली, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. एवढ्या धीरोदात्त पुरुषालाही ते दुःख समुद्रापलीकडे, आपल्या माणसांवाचून सोसावे लागले. मग लोह्याच्या विशीतल्या पोराने काय करावे?

लाज अस्थानी का, हे कायद्याच्या बाजूनेही पाहावे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. ज्यांच्यावरील आरोप अद्याप शाबीत व्हावयाचा आहे, अशी ही माणसे. इंग्रजांनी १८९४ साली जो कारागृह अधिनियम केला, त्या परकीय सरकारच्या कायद्यानेसुद्धा अशा बंद्याला ज्यांच्याशी बोलावयाचे असेल त्यांना योग्य वेळी आणि योग्य निर्बंधांखाली आत घेण्याची तजवीज केली पाहिजे असे ४० व्या कलमात सांगितले, आणि तपासणीच्या व नियमांच्या अधीन राहून घरचे अन्न, वस्त्र व अंथरूण घेण्याची मुभा ३१ व्या कलमाने त्याला दिली. पुढे १९८१ साली, दिल्लीच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या फ्रान्सिस कोरॅली मुलिन या बाईंना आपल्या पाच वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येत असे, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध रद्दबातल ठरविला आणि आप्तांची भेट हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. फाटकाशी नाव नोंदविणारी आणि झडतीसाठी हात वर करणारी आई तेथे याचक म्हणून उभी नसते. तिच्याशी एकेरीत बोलणाऱ्या शिपायाने हे लक्षात ठेवावे, आणि त्याहून अधिक तिने स्वतः लक्षात ठेवावे.

मराठवाड्याला तर तुरुंगाची ओळख फार जुनी आहे. निजामी अमलात, १९३८ च्या सत्याग्रहापासून पुढे, स्वामी रामानंद तीर्थांना वारंवार कैदेत जावे लागले, १९४८ साली पोलीस कारवाईनंतरच त्यांची अखेरची सुटका झाली, आणि आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. यावर कोणी म्हणेल की ते देशासाठी गेले होते. हाणामारीच्या किंवा चोरीच्या गुन्ह्यात अडकलेल्या पोराची त्यांच्याशी काय बरोबरी? बरोबरी नाहीच, आणि ती करण्याचा माझा हेतूही नाही. ज्या घराला त्या गुन्ह्याची झळ लागली ते घरही बहुधा त्याच गावात असते, आणि त्याचे दुःख या आईच्या दुःखाहून लहान नाही. पण भेटीला जाणे म्हणजे गुन्ह्याला पाठीशी घालणे, ही समजूत मात्र खोटी आहे. निर्दोष ठरो वा शिक्षा भोगो, तो माणूस एक दिवस त्याच एसटीने त्याच गावात परतणार असतो. मधल्या काळात त्याला भेटावयास कोणी गेले होते की नाही, यावर तो कोणत्या मनाने परततो हे पुष्कळसे अवलंबून असते. ज्याला कोणीच भेटत नाही तो बराकीतल्याच सोयऱ्यांचा होतो.

म्हणून लोह्याच्या आणि कंधारच्या माणसांना माझी विनंती आहे. शेजारच्या घरातील बाई नांदेडला निघाली असेल तर तिला खोटे निमित्त सांगण्याची पाळी आणू नका. जमल्यास सोबत जा, आणि जामिनासाठी सातबारा घेऊन उभे राहण्याची वेळ आली तर तोंड चुकवू नका. आणि वकिलाच्या फीसाठी बैल बाजारात नेण्यापूर्वी तालुका न्यायालयात जाऊन विधी सेवा समितीची चौकशी करा: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमानुसार, कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा अधिकार आहे.