प्रमाण

मेटगळ्ळीतील आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत, एक लांबट काचेचे कपाट आहे. त्यात सैनिकी आगगाड्यांच्या लहान प्रतिकृती मांडलेल्या आहेत: चिलखती डबे, तोफा वाहणाऱ्या उघड्या वाघिणी, घोड्यांचे डबे, आणि फलाटावर रांगेत उभे असलेले खेळण्यातील सैनिक. हा छंद मला कोठे जडला हे मला नेमके सांगता येते. माझे बालपण नाशिकरोडला गेले. देवळालीचे तोफखान्याचे शिक्षणकेंद्र तेथून जवळच. १९७१ साली, आठ वर्षांचा असताना, ताडपत्रीने झाकलेल्या तोफा घेऊन जाणाऱ्या ‘मिलिटरी स्पेशल’ मी वडिलांचे बोट धरून पाहिल्या. डब्यांतून जवान हात हलवीत आणि आम्ही मुले ओरडून त्यांना उत्तर देत असू. पुढे नोकरीने मला येथे आणले. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. मेटगळ्ळीत त्या १९९६ पासून छापल्या जाऊ लागल्या, आणि आमचे दाणापाणी गोदेकाठाहून कावेरीकाठी हलले. गाव सुटले, आगगाड्या मात्र कपाटात येऊन राहिल्या.

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरकडे घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. सर्वांत वर राजाराणीची जोडी, खाली देवदेवता, त्याखाली बाजार, लग्नाची वरात, जंबूसवारीचे हत्ती आणि शिपाई. एका नवरात्रात आमच्या शेजारच्या अज्जी आमच्याकडे आल्या. आमची मांडणी त्यांनी पुष्कळ वेळ पाहिली आणि कन्नडमध्ये विचारले, “हे सगळे निघालेले दिसतात. परत येणारी गाडी कोणती?”

मी हसून म्हणालो, “अज्जी, हीच गाडी उलटी फिरवली की परत येते.”

त्या काही बोलल्या नाहीत. प्रसादाची वाटी ठेवून गेल्या. त्यांच्या घरचे कोणी रणावर गेले होते की काय, हे मी विचारले नाही. प्रश्न खरा ठरण्यासाठी तशी काही गरजही नव्हती. माझे उत्तर मात्र खोटे होते, आणि ते मला तेव्हापासून टोचत आहे. हे टिपण त्या उत्तराची फेरतपासणी आहे.

युद्धाची खेळणी बाळगणे मुळातच वाईट, असे काही सज्जन म्हणतात. मला ते पटत नाही. आपण मराठी माणसे दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतो, त्यावर मावळे उभे करतो. तो किल्ला करून कोणी क्रूर झाल्याचे मी पाहिले नाही. आंग्ल लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून खेळावयाच्या लढाईचे नियम त्यात आहेत, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटूचे युद्ध कितीतरी बरे, असा त्यांचा आग्रह आहे. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध थांबले नाही. पण म्हणून ते खेळाने पेटले असेही म्हणता येत नाही. तेव्हा बालकाच्या खेळाला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. बालक खेळतो, मोडतो आणि विसरतो. प्रश्न आहे तो माझ्यासारख्या प्रौढाचा, जो खेळत नाही, तर जमवतो, पुसतो आणि दाखवतो.

संग्राहकाचा सगळा अभिमान एका शब्दात असतो: प्रमाण. माझ्या बहुतेक गाड्या मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या आहेत. शिपाई मात्र जुन्या मापाचे, चोपन्न मिलिमीटर उंचीचे, म्हणजे सुमारे बत्तिसाव्या हिश्शाचे. गाडीच्या मापाने मोजले तर त्यातला प्रत्येक शिपाई साडेचार मीटरांहून उंच भरतो, आणि डब्याच्या दारातून आत शिरू शकत नाही. जाणकार पाहुणे ही विसंगती लगेच दाखवतात, आणि मी ओशाळतो. चाकांच्या आऱ्या, रिव्हेटांच्या ओळी, रंगाची छटा यांबाबत आम्ही इतके काटेकोर असतो. पण आपल्या भाषेत ‘प्रमाण’ या शब्दाचा दुसराही अर्थ आहे. ज्याच्या योगे सत्य कळते तेही प्रमाणच. पहिल्या अर्थाने माझे कपाट बरेचसे निर्दोष करता येईल. दुसऱ्या अर्थाने ते कितपत टिकते?

कोणी म्हणेल, लहान करणे हाच मूळ दोष आहे. लांबी सत्त्याऐंशी पटींनी घटली की घनफळ साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते. मग त्या डब्यातल्या माणसाचे दुःख किती घटवायचे? दुःखाला असे कोष्टक नाही, हे खरे. तरीही लहानपणाला दोषी ठरवणे मला अवघड वाटते. देवघरातला टाक बोटभर असतो. म्हणून देव बोटभर झाला असे कोणी मानत नाही. जे एरवी आवाक्यात येत नाही त्याच्या समोर बसता यावे, म्हणून आपण ते लहान करतो.

उलट, पूर्ण आकाराची वस्तूही सत्य लपवू शकते. तोक्योमध्ये यासुकुनी देवस्थानाच्या युद्धसंग्रहालयात सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गावर धावलेले एक इंजिन ठेवले आहे. तो ४१५ किलोमीटरांचा मार्ग जपानी सैन्याने १९४२-४३ मध्ये बांधवून घेतला. त्यात १२,००० हून अधिक युद्धकैदी मेले; आणि त्याहून कितीतरी पटींनी अधिक आशियाई मजूर मेले, ज्यांत मलायातील मळ्यांवरून नेलेले आपले तमिळ बांधवही होते. इंजिन चकचकीत उभे आहे. प्रमाण एकास एक आहे. मजूर तेवढे तेथे उभे नाहीत. म्हणजे दोष आकारात नसून निवडीत आहे. आपण काय लहान केले यापेक्षा काय अजिबात घेतलेच नाही, हा खरा प्रश्न आहे.

माझीच निवड पाहा. १५ नोव्हेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात बोअर सैनिकांनी इंग्रजांची एक चिलखती गाडी रुळांवरून घसरवली आणि तीतून जाणाऱ्या तरुण वार्ताहर चर्चिलला पकडले. त्या धर्तीची गाडी माझ्याकडे आहे. त्याच प्रांतात, त्याच युद्धात, गांधींनी उभारलेले सुमारे अकराशे हिंदी लोकांचे पथक जखमींना डोलीत घालून, दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत, नेत होते. ती डोली माझ्याकडे नाही. आजवर तिची उणीवही मला भासली नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. येथून काही मैलांवर श्रीरंगपट्टण आहे. १७९२ साली तेथील वेढ्यात हरिपंत फडके यांच्या फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या. आमच्या अंगणातल्या किल्ल्यावरचे मराठी घोडेस्वार माझ्या मुलांना शूर वाटत, आणि ते शूर होतेही. परंतु त्याच मोहिमेत, १७९१ साली, मराठी फौजेबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्याच्या पुनःस्थापनेसाठी साहाय्य टिपूने पाठवले. टिपूचेही एक प्रसिद्ध खेळणे होते: गोऱ्या शिपायाला फाडणारा लाकडी वाघ, ज्यातल्या यंत्रातून वाघाचे गुरगुरणे आणि माणसाचे कण्हणे ऐकू येई. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लुटीत गेला. आज तो लंडनच्या संग्रहालयात आहे. ज्या खेळण्यात राजाने शत्रूची वेदना ऐकली, त्याच खेळण्याकडे शत्रूची नातवंडे कौतुकाने पाहू लागली. एकाच्या शेल्फावरचा शिपाई दुसऱ्याच्या घरची जखम असतो. ही गोष्ट स्वतःच्या प्रांतात राहून कळायला कठीण जाते. परमुलखातल्या शेजारामुळे ती कळते.

मग कपाट मोडावे काय? मला तसे वाटत नाही. १९१८ साली २३ सप्टेंबरला हैफा येथे लढलेल्या म्हैसूरच्या भालाईतांची आठवण येथील कितीशा मुलांना आहे? दिल्लीतील तीन पुतळ्यांपैकी एक म्हैसूरचा आहे, हे सांगायला माझ्या कपाटातला चार बोटांचा घोडेस्वार उपयोगी पडतो. विस्मृती हे काही अहिंसेचे नाव नव्हे. मात्र जो दाखवतो त्याने पूर्ण दाखवावे, एवढे ऋण त्याच्यावर राहते.

म्हणून गेल्या वर्षी मी पुठ्ठ्याचा एक रुग्णवाहक डबा केला आणि दोन माणसांनी उचललेली एक डोली. दोन्ही ओबडधोबड आहेत. प्रमाणात तर मुळीच नाहीत. पण येथेही एक धोका मला दिसतो. डब्यावरचा तांबडा क्रूस छान उठून दिसतो. पाहुणे त्याचीही वाखाणणी करतात, आणि मला त्याचेही सुख वाटू लागले आहे. दुःख मांडणीत घेतले की तेही शोभेचे होऊ पाहते. तेव्हा उत्तर एकट्या कपाटात सापडणार नाही. कपाट दाखवताना तोंडातून जे निघते त्यातही ते असले पाहिजे.

अज्जी अजून दसऱ्याला येतात. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. या वर्षी मीच विषय काढला आणि म्हणालो, “अज्जी, त्या वेळी मी तुम्हांला चुकीचे सांगितले. उलटी फिरवलेली गाडी ही परत आलेली गाडी नव्हे.” त्यांनी डोलीकडे बोट करून तिच्यात कोण आहे असे विचारले. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या ‘बरे’ म्हणाल्या आणि खुर्ची ओढून कपाटासमोर बसल्या.